गाडीचं कपाळ

गेल्या महिन्यात करंजाड्यातल्या माझ्या गॅरेजवर एक फार्महाऊसवाले गृहस्थ त्यांची जुनी टू-स्ट्रोक क्वाड टेम्पोत घालून घेऊन आले. चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली ही गाडी हल्ली श्रीमंतांची पोरं शेतात आणि किनाऱ्यावर उडवतात. गृहस्थ वैतागले होते. ‘‘मास्तर, थोडा वेळ झकास पळते, मग गळपटते. जरा उभी केली की परत चालू. चार ठिकाणी दाखवली, कुणाला कळत नाही.’’ मी टाकीचं झाकण फिरवलं आणि आतून ‘सुस्स’ करून हवा ओढल्याचा आवाज आला. झाकणातून हवा आत जायची नळी चिखलाने बुजली होती, बाकी काही नव्हतं. नळी फुंकून दिली, गाडी चालू करून दाखवली, गृहस्थ खूश होऊन गेले. मी मात्र भरदुपारी शटर ओढलं आणि घरी येऊन पडलो. बायकोने विचारलं, ‘‘बरं नाही का?’’ मी म्हटलं, ऊन लागलं. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होतो, आणि त्या एका आवाजापायी पुढची कितीतरी वर्षं मी घरात नको ते ऐकून घेतलं. आता आई राहिली नाही, आण्णाही नाहीत. दादा हे वाचेल. वाचू दे.

आम्ही तेव्हा कळंबोलीला वसाहतीतल्या बैठ्या खोलीत राहायचो. आण्णा, म्हणजे माझे वडील, न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवायचे. माणदेशातून दुष्काळाला कंटाळून आलेले, एकदा स्टिअरिंगला हात लावला तो निवृत्तीलाच सोडला. घराच्या मागून हायवे जायचा. दिवसभर ट्रेलरांचे गिअर बदलल्याचे आवाज, हवेचे ब्रेक सोडल्याचे फुसकारे, प्रेशर हॉर्न. पाहुणे आले की त्यांना झोप लागायची नाही, आणि आम्ही गावी गेलो की शांततेने आम्हाला लागायची नाही. आई भाकरी थापता थापता आवाजावरून सांगायची, ‘‘हा रिकामा चाललाय. ह्यो भरल्याला हाय, दम लागलाय बिचाऱ्याला.’’ आण्णांच्या ट्रेलरचा आवाज तर तिला दुरून कळायचा. तो आला की ती चहाचं आधण ठेवायची, आणि चहा उकळेपर्यंत आण्णा दारात. बाजरीची भाकरी, मिरचीचा खरडा, आठवड्यातून दोनदा डाळकांदा. सांगायला साधं वाटतं, पण त्या खरड्यावर मी आजही एखादं बरं हॉटेल ओवाळून टाकीन.

ड्रायव्हरच्या घरात गाडी ही घरातलं माणूस असते. देवाला एखाद दिवस फूल नसलं तर चालायचं, पण आण्णांची गाडी कुंकू न लावता निघाली असं कधी झालं नाही. आई ताट घेऊन वसाहतीच्या कोपऱ्यावर जायची, चाकांना पाणी घालायची, आणि पुढच्या काचेखाली बरोबर मधोमध कुंकवाचं बोट ओढायची. ते गाडीचं कपाळ. नुसतं कोरडं कुंकू वाऱ्याने उडतं, आणि कुंकू उडालं की ड्रायव्हरची बायको गाडी परत येईपर्यंत दारातून हलत नाही, म्हणून ती ते खोबरेल तेलात चांगलं दाट कालवायची. तसं कालवलेलं कुंकू पुण्याला जाऊन आलं तरी जागचं हलायचं नाही. वसाहतीतल्या सगळ्या ड्रायव्हरांच्या बायका तसंच करायच्या.

मग विजूदादाने मोटरसायकल घेतली. माझा हा थोरला भाऊ बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटाकडे कामाला होता. बेलापूरच्या ऑफिसातून कागद उचलायचे आणि बंदरात नेऊन द्यायचे. कागद उशिरा पोचले तर कंटेनर अडकायचा आणि साहेबाची आरडाओरड सुरू व्हायची, त्यामुळे गाडी हेच त्याचं काम होतं. गाडी सेकंडहँड, टू-स्ट्रोक, पातळ अंगाची आणि तापट डोक्याची. मी आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकत होतो. मग काय, आधीच मर्कट! पडवीत पोतं अंथरून आम्ही तिचं इंजिन उतरवलं, सिलेंडरमधल्या पेट्रोल आत यायच्या आणि धूर बाहेर जायच्या वाटा कानशीने आणि पॉलिश पेपरने मोठ्या केल्या, हेड घासून खाली घेतलं, वेल्डिंगवाल्याकडून पोट फुगलेला सायलेन्सर करून आणला. ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा शेजारच्या खोलीतली दुधाची पिशवी कट्ट्यावरून खाली पडली म्हणतात. त्या शेजारणीचं आणि आईचं आधीच जमत नव्हतं, त्यामुळे मी यावर फारसा विश्वास ठेवत नाही. पण गाडी पळायची, हे खरं. मागे बसलं की पोटातला खरडा पाठीला लागायचा.

आईला मात्र नवीनच प्रश्न पडला. हिचं कपाळ कुठलं? पुढचा दिवा म्हणजे डोळा, त्याला कुंकू लावलं तर तिला दिसणार कसं? मडगार्ड म्हणजे पाय. ताट हातात घेऊन ती गाडीभोवती फिरली आणि शेवटी टाकीवरचं गोल, चकचकीत झाकण तिच्या मनात भरलं. मधोमध, वर, बरोबर कपाळासारखं. तिने अंगठ्याने दाबून कुंकू लावलं, वर दोन अक्षता चिकटवल्या आणि म्हणाली, ‘‘आता कशी सवाशिणीवानी दिसती!’’ दादा हसला. पण त्या दिवसापासून रोज सकाळी तो गाडी बाहेर काढायचा आणि आईचं बोट लागेपर्यंत थांबायचा. गाडी धुताना मी झाकणाला फडकं लावलं तर म्हणायचा, ‘‘ते राहू दे रे. आईचं आहे.’’

गाडी जाम व्हायला लागली ती थोड्या महिन्यांनी. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण आणि थंडावा दोन्ही पेट्रोलबरोबरच मिळतं, तेल पेट्रोलमध्ये मिसळलेलंच असतं. पेट्रोल कमी पडलं की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलेंडरला घट्ट धरून बसतो. गाडी वेगात असेल तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं. हाताची दोन बोटं कायम क्लचवर असतील आणि ती तत्क्षणी दाबली गेली तर माणूस वाचतो. पहिल्या वेळी दादा जासईच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर होता. क्लच दाबला, गाडी घसरत घसरत उभी राहिली. पेट्रोल संपलं की काय म्हणून त्याने झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल भरपूर. थोडं थांबून किक मारली तर गाडी चालू. घरी येऊन सांगताना त्याचा चेहरा पांढराफटक होता, आणि मी मात्र मूर्खासारखा प्लग हातात घेऊन बसलो होतो. प्लग त्याच्या चेहऱ्यासारखाच पांढरा. नीट चालणाऱ्या इंजिनाचा प्लग भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा असतो. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय.

मग सुरू झाली आमची शोधाशोध. कार्ब्युरेटर खोलला, धुतला, मोठा जेट बसवला. जेट म्हणजे पितळेचा भोकाचा स्क्रू, त्यातून पेट्रोल मोजून येतं. तरी जाम. क्रँकची सीलं बदलली, साबणाचा फेस लावून हवा कुठून शिरते ते बघितलं. कुठूनच शिरत नव्हती. तेल वाढवलं. त्यासाठी आईची आमटीची वाटी माप म्हणून पळवली, तिला तेलाचा वास लागला तो कायमचा, आणि गाडीतून असा धूर निघायला लागला की लोक विचारायचे, डास मारायची गाडी आली का. तरी जाम. मी स्वतः गाडी घेऊन पळवायचो तेव्हा काही व्हायचं नाही, कारण मी निघताना दर वेळी झाकण उघडून पेट्रोल बघायचो, हवा आत जायची. हे आज कळतं. तेव्हा मला वाटायचं की ही गाडी आमच्या घराच्या वाईटावर आहे. कार्ब्युरेटरला पेट्रोल नीट येतंय का, हेसुद्धा मी तपासलं होतं, पण टाकीत पेट्रोल ओतत ओतत. म्हणजे झाकण उघडंच.

आईच्या जिवाची तर घालमेल चालली होती. तिला जेट कळत नव्हता की सील कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की पोराची गाडी रस्त्यात अडते. मग तिला जे येत होतं ते ती जास्त करायला लागली. आधी एक बोट कुंकू होतं, ते दोन बोटं झालं. अक्षता वाढल्या. मंगळवारी गावच्या देवीचा भंडारा त्याच्यावर. आधीचं पुसायचं नाही, त्याच्यावरच लावायचं, कारण पुसणं अशुभ. मी शेजारी उकिडवा बसून कार्ब्युरेटर फुंकत असायचो आणि ती माझ्या डोक्यावरून हात नेऊन झाकणाला कुंकू दाबत असायची. गाडी जितकी जाम होई तितकं ती लावी, आणि ती जितकं लावी तितकी गाडी जाम होई. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात थांबतो.

दादा पडला त्या दिवशी मी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये होतो. कुणीतरी बोलवायला आलं. बंदराच्या रस्त्यावर, उभ्या ट्रेलरांच्या रांगेशेजारी गाडी एकदम अडकली. क्लचवरची बोटं त्या वेळी उशिरा पडली, गाडी आडवी झाली आणि दादा फरफटत जाऊन एका ट्रेलरच्या मागच्या चाकावर आदळला. डाव्या गुडघ्याचा चुरा. पनवेलच्या दवाखान्यात त्याला आणलं तेव्हा तो शुद्धीवर होता आणि एकच सांगत होता, ‘‘गाडी जाम झाली, मी मस्ती करत नव्हतो.’’ डॉक्टर ऐकत नव्हते, नर्स ऐकत नव्हती. ज्यांनी ऐकावं असं त्याला वाटत होतं ते आण्णा, ते दारातच उभे होते.

आण्णांना त्यांच्या दोस्तांनी आधीच गाठलं होतं. रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, पोरगा नुसता उडत आला. आण्णांनी उभ्या आयुष्यात रस्त्यावर काय काय पाहिलं होतं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, पण वेगाने मेलेल्या पोरांबद्दल त्यांच्या मनात दया नव्हती, रागच होता. ते खाटेजवळ आले, दादाच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘मस्ती नडली.’’

‘‘आण्णा, शपथ. गाडी जाम झाली.’’

‘‘माझ्यासंगं काम करणाऱ्या मानसांनी बघितलंय. ती खोटं बोलत्यात?’’

एवढं बोलून ते बाहेर गेले ते बाहेरच. रोज यायचे. कामावरून थेट, खाकी कपड्यांत, घामेजलेले. पण वॉर्डाच्या आत पाऊल टाकायचे नाहीत, व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायचे. दादाला खाटेवरून त्यांची पाठ दिसायची. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा आता वाकणार नाही. दादा ते ऐकून रडला नाही. तो रडायचा ते त्या पाठीकडे बघून. आईने डब्यात आणलेलं डाळकांद्याचं कालवण तसंच परत जायला लागलं. भाकरीचा तुकडा मोडायचा, बोटांत चुरत बसायचा. एका आठवड्यात माणूस उतरून निम्मा झाला. नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘हाड जुळेल हो, पण ह्यांनी खाल्लं पाहिजे. सलाईनवर किती दिवस ठेवायचं?’’ मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली की हा पायाने नाही, मनाने जाणार.

दादाने माझं मनगट धरलं. ‘‘सत्या, गाडी खोल. काहीतरी सापडेल. सापडलं की आण्णांना दाखव. मला पाय नको रे, आण्णांनी आत यावं बस.’’

गाडी पोलीस चौकीच्या आवारातून सोडवून आणली. हँडल वाकलेलं, सायलेन्सर चेपलेला, टाकीला एका बाजूने खड्डा. झाकणावरचं लाल जसंच्या तसं. मी इंजिन उघडलं. पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत ओरखडे, जाम झाल्याची खूण स्पष्ट. धावत जाऊन आण्णांना पिस्टन दाखवला. त्यांनी हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला. ‘‘वेड्यावानी पळवल्यावर जामच हुणार.’’ म्हणजे नुसतं जाम झाल्याचं दाखवून भागणार नव्हतं. का झाली, ते पाहिजे होतं.

मी सगळं पुन्हा तपासलं. जेट, नळी, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक, गाळणी. सगळं स्वच्छ. माझं डोकं काम करेनासं झालं होतं. जेवण जात नव्हतं, आयटीआयला जाणं सोडलं होतं, हाताला पेट्रोलने भेगा पडल्या होत्या. शेवटी काही सुचेना म्हणून टाकी काढून मोरीत नेली. तिच्यात पेट्रोल भरलं, आणि कधी नव्हे ते झाकण लावून टाकलं, कारण आई मागे स्टोव्हवर चहा ठेवत होती आणि मला भडक्याची धास्ती वाटली. कॉकखाली बाटली धरली. पेट्रोल आलं, धार चांगली. मग बारीक झाली. मग थेंब. मग तेही थांबलं. टाकी जवळजवळ भरलेली आणि कॉक उघडा. मी बाटलीकडे बघत राहिलो. आणि मग झाकण फिरवलं.

सुस्स.

धार परत सुरू झाली. बाटली भरून पेट्रोल माझ्या पायावर सांडायला लागलं तरी मला कॉक बंद करायचं भान नव्हतं. झाकणात एक सुईएवढं भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी हवा आत यावी म्हणून. ते नसलं तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरत नाही. गावातल्या गावात सावकाश चालवताना थोडीफार हवा कुठूनतरी शिरते, भागतं. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की नाही भागत. मी झाकण तोंडाला लावून फुंकलं, जीव काढून फुंकलं. हवा जाईना. आईच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी घेतली आणि भोकात घातली. टाचणीच्या टोकाला लाल लगदा आला. खोबरेलात कालवलेलं कुंकू, भंडाऱ्याचा पिवळा कण, तांदळाची एक कणी.

‘‘सत्या, च्या घेतूस न्हवं?’’ आतून आईने हाक मारली.

त्या घटकेला मला काय वाटलं ते नीट सांगता यायचं नाही. आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. सापडलं! दादा खरा होता! मी उठलोसुद्धा, टाचणी तशीच हातात धरून. आणि दारात आई उभी होती, एका हातात कपबशी, दुसऱ्या हातात दवाखान्यात न्यायचा डबा. दादा पडल्यापासून ती देवापुढे एकच म्हणत होती, माझंच काहीतरी करायचं राहिलं. टाचणी मी मुठीत झाकली. हे आण्णांना दाखवायचं म्हणजे हिला दाखवायचं. हिला सांगायचं की बाई, तुझं काही राहिलं नाही. तू केलंस त्यानेच झालं. विहिरीत ढकलून देणं त्यापेक्षा बरं. आणि नाही सांगायचं तर दादा त्या पाठीकडे बघत बघत संपणार. मी मोरीच्या कठड्यावर बसलो आणि हमसून रडलो. आईला वाटलं, गाडी बघून भावाची आठवण झाली. तिने पदराने माझं तोंड पुसलं.

ती डबा घेऊन गेल्यावर मी झाकण पेट्रोलमध्ये बुडवून दात घासायच्या ब्रशने घासलं. भोक साफ, कडा साफ, कुंकवाचा मागमूस नाही. दवाखान्यातून ती परत आली तेव्हा टाकी पडवीत सुकत होती. ‘‘झाकान का घासलंस रं?’’ तिने विचारलं. मी म्हटलं, पेट्रोल सांडलं होतं. ती ‘बरं’ म्हणाली आणि पीठ मळायला बसली.

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात आण्णांशेजारी जाऊन बसलो. खिशात जुना, बारीक भोकाचा जेट होता, आम्ही केव्हाच काढून टाकलेला. तो त्यांच्या तळहातावर ठेवला. ‘‘आण्णा, दादाची चूक नाही. मी हा बसवला होता. बारीक भोकाचा. पेट्रोल वाचेल म्हणून, त्याला न विचारता. याच्यामुळे जाम झाली.’’

आण्णांनी जेट बघितला. माझ्याकडे बघितलं. ट्रेलर चालवून चालवून घट्टे पडलेला तो हात कानाखाली असा बसला की व्हरांड्यातली माणसं उठून उभी राहिली. मग ते उठले आणि आत गेले. दाराच्या फटीतून मला दिसलं. खाटेच्या कडेला बसून ते दादाचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरत होते आणि एवढा दांडगा माणूस बाईसारखा रडत होता. ‘‘मी ऐकलं न्हाई रं तुजं. ऐकलं न्हाई.’’ त्या दिवशी दादाने अख्खी भाकरी खाल्ली. आईने मला येऊन सांगितलं, अख्खी खाल्ली. माझा कान त्या वेळी गरम होऊन वाजत होता, पण ते मला ऐकू आलं.

किंमत मोजावी लागलीच. आण्णा माझ्याशी बोलेनासे झाले. ‘‘परत माझ्याम्होरं पाना धरायचा न्हाई,’’ हे शेवटचं. ताटावर शेजारी बसले तरी मीठ आईकडे मागायचे. दादाने एकदाच विचारलं, ‘‘पण आपण तर मोठा जेट टाकला होता ना?’’ मी म्हटलं, तेल वाढवलं तेव्हा मी परत जुना बसवला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘होतं रे. टेन्शन नको घेऊ.’’ त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ज्याचा पाय गेला त्याने माफ करायचं आणि आपण ते गिळायचं, तेही न केलेल्या गोष्टीसाठी! रागाने मी गल्लीतल्या कुत्र्यावर ओरडायचो. नातेवाईक आले की कुजबुज व्हायची, धाकट्याने थोरल्याला अधू केलं. आई त्या कुजबुजीत कधी सामील झाली नाही. माझ्या ताटात मात्र खरडा न मागता पडायचा.

पावसाळा सरता सरता आण्णांनी एक दिवस ट्रेलर वसाहतीच्या कोपऱ्यावर लावला आणि दोन हमालांकरवी एक भंगार क्वाड आमच्या दारात उतरवली. परदेशी भंगाराच्या कंटेनरमधून यार्डात आलेली, रंग उडालेली, चाकं बसलेली, टू-स्ट्रोकच. दादा तोवर कुबड्यांवर त्याच एजंटाच्या यार्डात कंटेनरांची नोंद करायला लागला होता, आणि यार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुबड्यांवर जाता जाता त्याच्या काखा सोलून निघत होत्या. दोन चाकांवर तो आता बसू शकत नव्हता. आण्णांनी हात झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘जमतंय का बघ.’’ कित्येक महिन्यांनी ऐकलेला हा आवाज. मी पाना उचलला.

तिच्यावर मी जीव ओतला. मुंबईच्या जुन्या बाजारातून पिस्टन शोधला, बुश लेथवर करून घेतले, डाव्या पायाने पाडायचा गिअर सळई जोडून हाताशी आणला, न वाकणारा पाय सरळ ठेवायला लांब पाटा वेल्ड केला. प्लगचा रंग बिस्किटासारखा आला तेव्हा तो मी खिशात घालून सगळ्या वसाहतीत मिरवला.

खंडेनवमीला क्वाड दारात उभी केली. दादा वर बसलेला, पाय पाट्यावर. आण्णा झेंडूची माळ घेऊन आले आणि हँडलवरून टाकीवर सोडली. आई ताट घेऊन बाहेर आली. या गाडीचं झाकण तर आणखीच गोल, आणखीच मधोमध होतं. अडवायचं कसं, काय कारण सांगायचं, याचाच मी विचार करत होतो. आईने चाकांना पाणी घातलं. हँडलच्या मधल्या पट्टीला कुंकू लावलं. मग टाकीवर लोंबणारी आण्णांची माळ तिने अलगद उचलली आणि बाजूला हँडलच्या मुठीवर अडकवली.

‘‘राहू दे की तिथं, चांगली दिसतीय,’’ आण्णा म्हणाले.

‘‘तिथं नगं,’’ आई म्हणाली. ‘‘तिथनं ती श्वास घेती.’’

आण्णांना वाटलं, बायकांचं काहीतरी. दादा किक मारायच्या घाईत होता. आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते सांडू देत नव्हती. तिला कधी कळलं, मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही. घासलेल्या झाकणाकडे तिने त्या दिवशी बघितलं तेव्हाच, बहुतेक. आवाजावरून ट्रेलर ओळखणारी ती, मोरीतला तो ‘सुस्स’ तिनेही ऐकला असणार. म्हणजे आण्णा मला मारत होते, नातेवाईक कुजबुजत होते आणि मी तिला वाचवतोय या भ्रमात होतो, तेव्हा ती सगळं जाणून पीठ मळत होती. आणि मी हे तिच्यासाठी केलंय, तर ते मोडायचं नाही, एवढ्यासाठी गप्प होती.

ताटात अजून कुंकू होतं, खोबरेलात दाट कालवलेलं. तिने त्यात अंगठा बुडवला आणि माझ्या कपाळावर दाबून लावला.